रणजितचं पान

शुक्रवार, २९ ऑगस्ट

पोचले एकदाची! टोकियोतल्या शिंजुकूहून निघालेली बस घाट चढून वर आली तेव्हा दुपार झाली होती. शेजारच्या आजीबाईंनी वाटेत मला उकडलेला मका खायला घातला आणि वरची हवा खाऊन माणूस दहा वर्षांनी लहान होतो, असंही सांगितलं. मी हवा खायला आलेली नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मका मात्र झकास होता.

स्टँडवर ओगावारा-सान स्वतः गाडी घेऊन आले होते. साठीचे, उंच, कमी बोलणारे. माझी बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. घर दुमजली, लाकडी, पुढे वांग्यांचे वाफे आणि मागे डोंगरापर्यंत देवदारांची रांग. चित्र काढावं असं. शाळा बुडवतात, घरी टिकत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, अशा मुलांना फॅमिली कोर्ट इथे पाठवतं. इथली पद्धत जुनी आहे. एक नवराबायको मुलांबरोबर याच घरात राहतात, त्यांना रांधून वाढतात, त्यांच्याबरोबर शेतात राबतात. म्हणजे आईबाप मिळतात, तेही सरकारी. ओगावारा-सान बाप, त्यांची बायको साकाए-सान आई. सध्या आठ मुलं आहेत. त्यांत दोन नेपाळी आणि एक ब्राझीलचा, म्हणून स्वयंपाकात हात लावणारी आणि इंग्रजी-हिंदी बोलणारी बाई त्यांना हवी होती. ती मी.

साकाए-सान दारातच उभ्या होत्या. बुटक्या, गालावर तीळ, हात पिठाने भरलेले. मी कमरेत वाकून इतकी गोड हसले की माझेच गाल दुखले.

ही वही मराठीत आहे, ती इथे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. तेव्हा स्पष्टच लिहिते. माझ्या ताईचा मुलगा रणजित, वय चौदा, याला फेब्रुवारीत कोर्टाने या घरात पाठवला. मे महिन्यात तो ‘पळून गेला’, असं या दोघांनी पोलिसांना सांगितलं. तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. त्यांनी माझ्या पोराचं काय केलं ते मी शोधून काढणार आहे. आणि मग त्यांना सोडणार नाही. आज मी फार आनंदात आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

काम जमतंय. सकाळी मिसो सूप, भात, मासा. मुलं आपापली ताटं धुतात, कचरा वेगवेगळा करतात, बाहेरून आली की ‘ताडाइमा’ म्हणतात, म्हणजे आलो बरं का. मग साकाए-सान आतून ‘ओकाएरी’ म्हणतात, म्हणजे आलास का बाळा. एकाही मुलाचं ताडाइमा त्या वाया जाऊ देत नाहीत, हात कणकेत असले तरी ओरडून उत्तर देतात. नाटक छान वठवलंय.

घरात फोन वापरायची बंदी आहे, मुलांना आणि आम्हालाही. सकाळी कपाटात ठेवायचा, संध्याकाळी घ्यायचा. मला आनंदच झाला. ताईचं रडणं दिवसभर ऐकवत नाही.

ताई आणि सत्यजित भाऊजी टोकियोत एदोगावाला राहतात. भाऊजी बँकेच्या प्रोजेक्टवर, पहाटेच्या ट्रेनने जाणार आणि शेवटच्या ट्रेनने येणार. रणजित आठवीत गेला आणि अचानक शाळेला जाईना. आधी पोटात दुखायचं, मग दार लावून बसायला लागला, मग घरातूनच नाहीसा व्हायला लागला. स्टेशनात, रात्रभर उघड्या कोंबिनी दुकानाच्या मागे, नदीच्या काठावर सापडायचा. पोलिसांनी तिसऱ्यांदा आणून सोडला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. प्रश्न एवढाच होता की याला पाठवायचं कुठे.

मी तेव्हा पुण्यात जपानी शिकवत होते. मी फोनवर गळा फाडून सांगितलं की माझ्याकडे पाठवा. वर्षभर शाळेचं नाव काढणार नाही, नुसतं खाऊपिऊ घालीन, पोरगं आपोआप ताळ्यावर येईल. भाऊजी म्हणाले, नुपूर, तुझं लग्न नाही, मूल नाही, तुला यातलं काय कळतं. तिकडे न्यायाधीशबाईंनी डोंगरातल्या निर्मळ हवेचं कौतुक केलं. भाऊजींनी मान डोलावली. पोरगं डोंगरात गेलं.

एक एक नाव मी मनात कोरून ठेवलंय. सुरुवात या दोघांपासून.

बुधवार, ३ सप्टेंबर

आज एक गोष्ट नीट पाहिली. पहिल्या दिवसापासून डोळ्यांना खुपत होती.

जेवणाच्या लांब टेबलाच्या टोकाला एक जागा रिकामी असते. तिथे रोज संध्याकाळी साकाए-सान एक ताट मांडतात. थोडा भात, भाजी, लोणचं, आणि झाकणाच्या लाकडी वाटीत सूप. चॉपस्टिक्स मांडलेल्या, उशी घातलेली. त्या जागेवर कुणी बसत नाही. मुलं तिकडे बघून मान लववतात आणि जेवायला लागतात. जेवणं झाली की साकाए-सान त्या वाटीचं झाकण उचलतात, उलटं करून आतून बघतात, पुसतात, आणि सगळं उचलून नेतात.

माओ नावाची बारा वर्षांची चुरचुरीत मुलगी माझ्या शेजारी बसते. ती जागा कुणाची, असं मी सहज विचारलं. रणजित-कुनची, म्हणाली, आणि पुन्हा वांगी खायला लागली.

मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मेलेल्या माणसाचं पान वाढतात हो! आमच्या घरी दरवर्षी आजोबांचं वाढायचे, अगदी असंच. पळून गेलेल्याचं कुणी पान वाढत नाही. हिला माहीत आहे. ही बाई रोज न चुकता कबुली देते आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

आज आवराआवर माझ्याकडे होती. सूप थंडगार झालं होतं, मी वाटीला हात लावून पाहिला. तरी झाकण उचललं तर आतून थेंबच थेंब. मोठे, टपोरे, नुकतंच कुणी त्यावर श्वास सोडल्यासारखे. तेवढ्यात साकाए-सान मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं, थेंब पाहिले, आणि हसल्या. समाधानाने हसल्या!

मग त्या रिकाम्या उशीकडे वळून हळूच म्हणाल्या, “जेव.”

मराठीत. ताई त्याला म्हणते तसं. हा शब्द त्यांना त्याच्याखेरीज कोण शिकवणार? ज्याला मारलं त्याच्याच भाषेत त्याला जेवायला बोलावते आहे. मी सिंककडे तोंड करून भांडी घासत राहिले. समोर सुरी होती. मी ती धुऊन खणात ठेवली आणि खण बंद केला. इतक्या स्वस्तात नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. इथे कुणाला त्याचं काय.

ओगावारा-सान आठवड्यातून दोनदा देवदारांच्या रानात जातात, हातात फुलं घेऊन. आज मी कोथिंबिरीसारखं काहीतरी खुडायच्या निमित्ताने मागे गेले. रानात जरा आत, पायवाटेच्या कडेला एक दगड उभा केलाय. त्याला लाल आंगडं बांधलंय, लहान मुलाला बांधतात तसं. त्यांनी पाणी घातलं, फुलं ठेवली, हात जोडले. खांदे हलत होते. रडतोय थेरडा.

म्हणजे इथेच पुरलाय.

पोलिसांना सांगून काय होणार? दगड दाखवणार, ताट दाखवणार? ते वाकून नमस्कार करतील आणि परत जातील. कोर्टाला तर स्वतःची चूक झाकायचीच आहे. नाही. याचा न्याय ज्याचा त्यानेच करावा. मला फक्त त्याला जागं करायचंय. सर्वपित्रीला अजून वेळ आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

टोकियोतल्या मैत्रिणीने पाठवलेली उडदाची डाळ, काळे तीळ आणि गूळ आला. साकाए-सानना सांगितलं की आमचा एक सण आहे. त्यांनी कौतुकाने डाळ हुंगली आणि मला मोठं पातेलं काढून दिलं. संध्याकाळी त्यांनी मला त्याचं ताट मांडायला दिलं, स्वतःहून. माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या, मीच काही बोलेन म्हणून वाट बघितल्यासारखं केलं, आणि मग गेल्या. मीही काही विचारलं नाही. चोराला का विचारायचं?

बांधांवर लाल फुलं आली आहेत, पानं नसलेली, नुसत्या दांड्यांवर. माओ म्हणते ती मेलेल्यांची फुलं, घरात आणायची नाहीत. मी मूठभर तोडून ठेवली.

रविवार, २१ सप्टेंबर, दुपार

झालं!

मुलांना घेऊन ते दोघे नदीवर गेले होते. मी वरण, भात, भोपळ्याची भाजी, आमसुलाऐवजी उमेबोशीची, म्हणजे इथल्या खारवलेल्या आंबट फळांची चटणी, खीर आणि वडे केले. वडे रणजितला फार आवडायचे. बायकांनी हे करायचं नसतं म्हणे. ज्यांनी करायचं ते भाऊजी कॉन्फरन्स कॉलवर असतील.

बरोबर डोक्यावर ऊन आलं तेव्हा मागच्या अंगणात पान वाढलं. त्याचीच वाटी घेतली, त्याचंच ताट. तीळ घातले, अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं आणि त्याचं नाव घेतलं. आईचं, बापाचं, गोत्राचं सगळं नीट घेतलं.

इथले कावळे काय मुजोर! कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, पोरांच्या हातातली पोळी ओढतात. सात-आठ जण येऊन कुंपणावर बसले. पण एकही पानाकडे फिरकेना. वडा त्यांच्या चोचीपासून हातभर अंतरावर, आणि ते नुसते माझ्याकडे बघताहेत. मी हात जोडले. मागे सरले. घरात जाऊन आले. तरी नाही.

मग कळलं. कावळा शिवत नाही म्हणजे इच्छा राहिली आहे. दुसरी कुठली इच्छा असणार! मी गुडघ्यांवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, रणजित, मी मावशी. तू गेलास हे आम्हाला कळलंय. आता इथे अडकू नकोस. ये, आणि ज्याने तुला मारलं त्याला सोडू नकोस. कुणीही असो. मी तुला दार उघडून देते.

शब्द तोंडातून पडतोय तोच एक कावळा खाली उतरला. वडा उचलला. मग सगळे तुटून पडले.

मी खूप वेळ तिथे बसून रडले. सुटलं पोर. आता या दोघांची पाळी. आज रात्री मी दार उघडं ठेवून झोपणार आहे.

रविवार, संध्याकाळ

कपाटातून फोन घेतला. ताईचे किती फोन येऊन गेलेत.

पहिला निरोप सकाळचा. ताई हसते आहे, रडते आहे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते आहे. रणजितचा फोन आला. तो नागोयात होता, एका नेपाळ्याच्या हॉटेलात भांडी घासत होता, आजवर भीतीने फोन केला नाही. आता घरी येतोय. पण आधी डोंगरावर जाऊन साकाए-सानची माफी मागणार आहे, त्या फार चांगल्या होत्या म्हणाला. मावशी तिथेच आहे हे सांगितलं तर ओरडलाच. म्हणाला, मावशीला सांग वडे करून ठेव.

दुसरा निरोप दुपारनंतरचा. भाऊजींचा आवाज. बस घाट चढून वर आली, तो खाली उतरला, बाकावर बसला, आणि बसल्या जागी—

बारा वाजता. डॉक्टरांना कारण सापडत नाही. चांगला धडधाकट होता म्हणे. पोटात मात्र तोंडापर्यंत अन्न भरलेलं. भात. तीळ. हॉटेलातून उपाशीच निघालोय, असं सकाळी ताईला फोनवर म्हणाला होता.

सोमवार, २२

साकाए-साननी आज माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, तुझे कान त्याचेच आहेत, म्हणाल्या. मी आपणहून सांगेन म्हणून थांबल्या होत्या.

ते ताट मेलेल्याचं नव्हतं. इथे घरातलं माणूस दूर गेलं, हरवलं, की त्याच्या नावाने रोज ताट मांडतात. तो जिथे असेल तिथे त्याला अन्न मिळावं, तो चालत राहावा, परत यावा. झाकणाला आतून थेंब आले म्हणजे तो जिवंत आहे. म्हणून त्या हसायच्या. रानातला दगड वाटसरू पोरांना सांभाळणाऱ्या देवाचा. त्याच्यापुढे ओगावारा-सान माफी मागायचे, पोरगं आपल्या हातून निसटलं म्हणून.

कावळे शिवत नव्हते. तो जिवंत होता म्हणून शिवत नव्हते. त्यांना माहीत होतं. मी त्यांना पटवलं.

मी हे साकाए-सानना सांगितलं. अंगणातलं सगळं, शब्दन् शब्द. त्या किंचाळल्या नाहीत. हळूच उठल्या आणि माझ्यापासून दूर जाऊन बसल्या.

एक विचारायचं राहिलं. मी त्याला काय सांगितलं होतं? ज्याने तुला मारलं त्याला—

मंगळवार, २३

ते दोघं मुलांना घेऊन एदोगावाला गेले, त्याच्या अंत्यविधीला. मला चल म्हणाले नाहीत. मी गेलेही नसते. ताईला कुठलं तोंड दाखवू?

माओने जाताना विचारलं की दारात कुणाचे बूट आहेत. काळे, टाचा झिजलेले. इथे बूट काढले की टोकं दाराकडे करून ठेवतात, निघताना पटकन घालता यावेत म्हणून. याची टोकं घराकडे आहेत. ज्याला परत जायचं नाही त्याच्यासारखी.

मी त्यांची तोंडं फिरवली. भांडी घासून आले. ती पुन्हा आत वळली होती.

मंगळवार, दुपार

बॅग घेऊन स्टँडवर गेले. बाक रिकामा नव्हता. पाठमोरा बसला होता, केस मानेवर आलेले. बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर माझी वाट बघत होता. मला त्या बाकावरून पुढे जाववलं नाही.

परत आले. तो मागून चालत होता. मी वळून पाहिलं नाही, पण बुटांचा आवाज—

भाऊजींकडे जा रे. कोर्टाच्या कागदावर सही त्यांची आहे. त्या न्यायाधीशबाईकडे जा, तिने पाठवलं. मी तर म्हटलं होतं माझ्याकडे पाठवा. मी एकटी म्हणाले होते. मला तू हवा होतास, रणजित, मलाच तू—

बुधवार

कुलूप लावलंय. तरी दार उघडं आहे. मीच म्हटलं होतं, उघडून देते.

साकाए-सानचा फोन आला. त्याच्या नावाने ताट मांडू का, मी विचारलं. नको म्हणाल्या. आता नको. आता त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी मांड, म्हणाल्या, आणि झाकण बघ.

संध्याकाळ

सूप उकळून वाटीत ओतलं. वाफा येत होत्या. झाकण ठेवलं. उचललं.

कोरडं.

पुन्हा ओतलं. कोरडं. बोट भाजलं तरी झाकण कोरडं.

दारातून ताडाइमा म्हणाला. आवाज फुटलाय त्याचा, बाप्यासारखा झालाय. मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देताही तो आत आला.

टेबलाच्या टोकाला उभा आहे. बसत नाही. ती जागा मला दाखवली त्याने. उशी ठीक केली. लिहीत राहते, हात हलतोय तोवर मी—

वाढतोय. भात. भाजी. वडे, रविवारचे, कावळ्यांनी टोचलेले. वर तीळ घातले. सगळं नीट करतोय, मी केलं तसंच. रागाने नाही, फार मायेने. कुंपणावर कावळे येऊन बसलेत, आत बघताहेत. त्याने ओंजळीत पाणी घेतलंय. अंगठ्याच्या बाजूने सोडतोय आणि माझं नाव घेतोय, आईचं, बापाचं, गोत्राचं—

जेव म्हणतोय. मावशी, जेव.

कावळे अजून उतरत नाहीत. मी जिवंत आहे, रणजित. बघ, ते शिवत नाहीत, मी अजून जिवं—